सरोवरातून काचपेटीत : ॲक्सोलॉटलची हकिगत



केळापूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना विचारलं, "ॲक्सोलॉटल कुणाला ठाऊक आहे?" तर दोन-चार हात वर होतील, यात नवल नाही. मायनक्राफ्ट नावाच्या मोबाईलवरच्या खेळात 2021 सालापासून हा प्राणी आहे. हसऱ्या तोंडाचा, मानेभोवती पिसांसारखे तुरे असलेला गुलाबी जीव मुलांना फार आवडतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला : "गुरुजी, आपल्या वर्गात काचेच्या पेटीत असा एक पाळता येईल का?" या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्याआधी तो प्राणी कुठला आणि काचेच्या पेटीत आला कसा, ते पाहिलं पाहिजे. उत्तर त्या इतिहासातच आहे.

ॲक्सोलॉटल दिसतो माशासारखा, पण मासा नव्हे. तो बेडकाच्या गोतातला, म्हणजे उभयचर वर्गातला. फरक एवढाच की बेडकाची शेपटी मोठेपणी गळते, याची राहते. शेपटीवाल्या उभयचरांना सॅलॅमँडर म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात ते नाहीत. भारतात ते दार्जिलिंगच्या बाजूला हिमालयात सापडतात. ॲक्सोलॉटल मात्र मेक्सिको देशाचा. लांबी साधारण एक वीत ते फूटभर. मानेच्या दोन्ही बाजूंना जे तुरे दिसतात ते त्याचे कल्ले. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो.

त्याचं माहेर म्हणजे मेक्सिको शहराच्या दक्षिणेला असलेली सोचिमिल्को आणि चाल्को ही सरोवरं. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरचा हा मुलूख. म्हणजे पाणी बारमाही गार. तिथे आझ्टेक लोकांचं राज्य होतं. उथळ पाण्यात मेढी रोवायच्या, त्यांना वेतासारख्या काटक्यांचा कूड घालायचा, आत गवत आणि तळाचा गाळ टाकायचा, कडेला विलोची झाडं लावायची. झालं तरंगतंसं दिसणारं शेत तयार! या शेताला ते चिनांपा म्हणत. आपल्याकडे उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकतात, तीच अक्कल. दोन चिनांपांच्या मधून जे कालवे राहत, त्यांत ॲक्सोलॉटल सुखाने नांदत असे. लोक तो पकडून खातही असत. त्याचं नावही आझ्टेकांच्या भाषेतलं. 'आत्ल' म्हणजे पाणी, आणि शोलोत्ल हा त्यांचा एक देव. कथा अशी सांगतात की बळी जाण्याच्या भीतीने हा देव रूपं पालटत पळाला आणि शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल झाला.

1521 साली स्पेनच्या फौजांनी आझ्टेकांची राजधानी जिंकली. नव्या राज्यकर्त्यांना सरोवरात वसलेलं शहर मानवेना. पूर येत, घरं बुडत. 1607 साली पाणी डोंगरापलीकडे काढून देण्याचं काम सुरू झालं आणि ते पुढे तीनशे वर्षं या ना त्या रूपाने चालूच राहिलं. सरोवरं आटत गेली. चाल्को तर गेलंच म्हणायचं. सोचिमिल्कोचे काही कालवे तेवढे उरले.

आता युरोपात जाऊ या. हुंबोल्ट हा जर्मन संशोधक 1803 आणि 1804 साली मेक्सिकोत होता. त्याने ॲक्सोलॉटलचे मेलेले नमुने पॅरिसला कुव्ह्ये या प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञाकडे दिले. कुव्ह्येला शंका आली की हे पूर्ण वाढलेलं जनावर नसून कुणाचं तरी पिल्लू असावं. कारण बाहेर लोंबणारे कल्ले ही पिल्लाची खूण. पण पिल्लू म्हणावं तर मोठं रूप कुणी पाहिलेलं नाही! कोडं साठ वर्षं तसंच राहिलं.

मधल्या काळात एक नवी गोष्ट घडली. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडलं आणि युरोपातल्या घराघरांत काचेच्या पेटीत मासे, पाणवनस्पती ठेवण्याचं वेड पसरलं. पाण्यातला जीव जिवंतपणी, बाजूने, रोज पाहता येऊ लागला. आपल्या महाराष्ट्रात ही हौस वाढायला बराच काळ जावा लागला. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं. पुढे कित्येक वर्षं शाळांच्या सहली ते पाहायला जात.

मेक्सिकोत त्या वेळी फ्रेंच फौजा उतरल्या होत्या. तिथून 34 जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला पाठवण्यात आले. त्यांतले सहा 1864 साली ऑग्युस्त द्युमेरिल या शास्त्रज्ञाला मिळाले. एक त्यांत पांढरा होता. 1865 च्या सुरुवातीला त्यांनी अंडी घातली. म्हणजे पिल्लू नव्हे, मोठंच जनावर म्हणायचं. पण त्याच वर्षी गंमत झाली. या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले आक्रसले, अंगावर ठिपके आले, आणि ती जमिनीवर राहणारी सॅलॅमँडर झाली! आई-बाप एक, पेटी एक, आणि काही भावंडं पाण्यातच राहिली, काही पाण्याबाहेर निघाली. द्युमेरिलने आपल्याकडची पिल्लं युरोपभर वाटली. जगातल्या प्रयोगशाळांमधले आणि हौशी लोकांच्या घरातले बहुतेक ॲक्सोलॉटल या पॅरिसच्या वंशावळीशी नातं सांगतात.

हा चमत्कार का व्हावा? उत्तर हळूहळू मिळालं. 1913 साली प्रागच्या लाउफबर्गरने आणि 1920 साली इंग्लंडच्या ज्यूलियन हक्सलेने ॲक्सोलॉटलला जनावरांची अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, खाऊ घातली. काही आठवड्यांत ते कल्ले टाकून सॅलॅमँडर झाले. हेच हक्सले पुढे 1946 साली युनेस्कोचे पहिले महासंचालक झाले. गळ्यातल्या या ग्रंथीचा रस कमी पडतो, म्हणून ॲक्सोलॉटल जन्मभर बाळरूपातच राहतो आणि बाळरूपातच आई-बाप होतो. शिक्षकांनी मुलांना इथे एक नातं दाखवावं. आपण आयोडीनचं मीठ खातो ते याच ग्रंथीसाठी. आयोडीन नसलं की माणसाला गलगंड होतो. बेडकाच्या पिल्लालाही बेडूक व्हायला याच ग्रंथीचा रस लागतो.

शास्त्रज्ञांना या प्राण्याचं आणखी एका कारणासाठी कौतुक आहे. त्याचा पाय तुटला तर हाडांसकट नवा पाय फुटतो. शेपटी, पाठीचा मज्जारज्जू, हृदयाचा तुकडासुद्धा भरून येतो. 2018 साली त्याचा अनुवंशाचा आराखडा वाचून झाला, तो माणसाच्या दहापट मोठा निघाला.

आता घरात सांभाळायचं कसं, ते ऐका. एका प्राण्याला निदान 75 लिटरची लांबट पेटी. पाणी 16 ते 18 अंश सेल्सिअस. 24 च्या वर गेलं की त्याचं खाणं सुटतं, अंगावर बुरशी येते, आणि तो दगावतो. नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय वापरायचं नाही. पेटी मांडून लगेच जनावर सोडायचं नाही. त्याच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचा निकाल लावणारे जिवाणू गाळणीत तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. मग दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचं. तळाला बारीक खडी नको, कारण तो तोंडाने पाणी ओढून भक्ष्य गिळतो आणि खडाही गिळून बसतो. मोठ्या प्राण्याला दोन-तीन दिवसांआड गांडूळ पुरतं. सोबतीला मासे नकोत, ते कल्ले कुरतडतात. उजेड मंद असावा, लपायला एखादं फुटकं मडकं असावं, हाताळणं टाळावं.

बारकाईने पाहा, मंडळी : या यादीतला प्रत्येक नियम म्हणजे सोचिमिल्कोच्या कालव्याचं वर्णन आहे. गार पाणी, गढूळ मंद उजेड, गाळाचा मऊ तळ. त्याला पाळायचं म्हणजे त्याचं सरोवर घरात आणायचं.

आणि इथेच केळापूरची अडचण येते. पांढरकवड्याला मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. माठातलं पाणी आपल्या घशाला गार लागतं, पण तेही त्या दिवसांत वीस-बावीसच्या खाली सहसा उतरत नाही. म्हणजे पाणी गार करणारं विजेचं यंत्र रात्रंदिवस चालवायला हवं, आणि भर उन्हाळ्यात वीज दिवसभर गेली की खेळ आटोपला. शिवाय हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेव्हा आपल्या वर्गात तो आणू नये, हेच बरं.

मग आपल्याला या हकिगतीशी काय देणंघेणं? आहे. जगभर काचपेट्यांतून ॲक्सोलॉटल नांदतो आहे. मेक्सिकोच्या 50 पेसोंच्या नोटेवरही 2021 साली त्याचं चित्र आलं. आणि त्याच्या स्वतःच्या सरोवरात मात्र तो संपत आला. 1998 च्या मोजणीत चौरस किलोमीटरला सुमारे 6000 होते, 2014 च्या सुमाराला 36 उरले. शहराची घाण पाण्यात आली हे एक कारण. दुसरं कारण ऐकून तुम्ही चमकाल : लोकांना स्वस्त मासळी मिळावी म्हणून तिथे टिलापिया आणि कार्प मासे सोडले, त्यांनी याची अंडी आणि पिल्लं फस्त केली. टिलापिया भारतातही 1952 साली आणला गेला. आपल्या तळ्यांवरच्या मासेमारांना तो चांगला ठाऊक आहे. एकदा शिरला की हटत नाही, आणि गावच्या मासळीच्या तोंडचा घास काढतो. म्हणून पेटीतला कुठलाही परका जीव, मग तो मासा असो की कासव, कंटाळा आला म्हणून नदी-तळ्यात सोडू नये.

मेक्सिकोतले काही शेतकरी आता विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने आपल्या चिनांपांचे कालवे गाळण्या लावून वेगळे राखतात : परके मासे आत येत नाहीत, पाणी स्वच्छ राहतं. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पेटीत जन्मलेले 18 ॲक्सोलॉटल रेडिओ यंत्रं लावून अशा राखलेल्या पाण्यात सोडल्याची माहिती आहे. पाहणीच्या काळात ते सगळे तगले. पेटीतल्या जिवाला घरी परतता येतं, पण त्याआधी कुणीतरी पाणी नीट करून ठेवावं लागतं, आणि तिथे ते काम शेतकऱ्याने केलं.

गुरुजनहो, मृगाचा पाऊस पडला की शाळेमागच्या डबक्यात बेडकांची अंडी आणि शेपटीवाली पिल्लं दिसू लागतील. ती पकडून आणू नका. मुलांनाच रोज तिथे न्या. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपटी विरते. तारीखवार वहीत लिहून घ्या. ॲक्सोलॉटल ज्या वाटेवर अर्ध्यात थांबला, ती वाट आपला बेडूक महिना-दोन महिन्यांत पुरी करतो. तेवढे दिवस त्या डबक्यात कचरा आणि फवारणीचं उरलेलं औषध कुणी टाकणार नाही, एवढी राखण वर्गाकडे सोपवा.