नर ओळखणारा पोद्दार

काटवलाच्या मांडवात नर वेल किती ठेवायचे, असं सिंदी मेघेतले दोघं-तिघं विचारून गेले. त्यावरून एक जुना विषय निघाला. पीक गांजाचं आहे, पण दचकू नका, इतिहासच सांगतोय.

इंग्रजांच्या काळात आपला वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांतात गांजा पेरायची मुभा फक्त निमाडातल्या खांडवा तहसिलीत, तीही परवान्यावर. १८९३ साली सरकारनं चौकशीला आयोग नेमला. त्यानं देशभरात १,१९३ साक्षी घेतल्या. बंदी नको, नियंत्रण ठेवा, असं १८९४ च्या अहवालात सांगितलं. दारू-गांजाचा वाद बाजूला ठेवा, मला त्यातली शेती जास्त भावते.

गांजाचं नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियाणं टाकलं की साधारण निम्मे नर निघतात, अन् लहान रोपावरून काहीच कळत नाही. माल मिळतो मादीच्या फुलोऱ्यात, तोही बी न धरलेल्या. पराग वाऱ्यावर जातो. म्हणजे एक नर राहिला तरी तुमच्या वावरात बी धरतं, धुऱ्यापलीकडच्याच्याही, अन् मालाची प्रत उतरते. म्हणून निम्मं पीक फुलायच्या आत ओळखून काढायचं!

बंगालात नौगावकडे (आता बांगलादेशात) या कामाला खास माणूस लावत. त्याला पोद्दार म्हणायचे. इंग्रज साहेब त्याला गांजा-डॉक्टर म्हणत. पानाच्या बेचक्यात देठावर गोल कळ्यांचा झुबका दिसला तर नर, दोन पांढरे केस बाहेर आले तर मादी. तो ओळीनं फिरून नर मोडत जाई. तरी काम संपत नसे, कारण मादीवरही अधूनमधून नर फुलं येतात. शेतकरी पुन्हा पुन्हा झाडं तपासत.

तिकडं युरोपात तागासाठी हेच झाड लावायचे, अन् इंग्रज शेतकरी उलटंच समजत. बी धरणाऱ्या दणकट झाडाला ते पुरुषाचं नाव देत, किडकिडीत नराला बाईचं. १६९४ साली जर्मनीत कामेरारिउस यानं झाडांतही नर-मादी असतात हे प्रयोगांनी मांडलं. त्यात हे झाडही होतं, अन् मादी एकटी ठेवूनही बी धरल्यानं तो चक्रावला. कारण तेच असावं, मादीवरची चुकार नर फुलं.

आज १९८५ च्या कायद्यानं विनापरवाना एक झाडही गुन्हा आहे. नर आहे की मादी, कायदा विचारत नाही. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

काटवलात हिशोब उलटा. तिथं नर काढला तर फळच नाही. काही जण फळ नाही म्हणून नराचे सगळे वेल उपटतात, मग मादीवरच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. दहा माद्यांमागं एक नर ठेवा, तोही एका कोपऱ्यात नको, मांडवभर विखरून. बियापासून लावलं तर इथंही जवळपास निम्मे नर निघतात, म्हणून कंद लावलेला बरा. फूल दिसताच वेलाला रंगीत दोरी बांधा; हंगाम संपल्यावर कंद काढताना तीच खूण कामी येते.