वत्सगुल्म नगरीचे लोकजीवन : तीन साक्षी

मानोरा तालुक्यातील वाचकांना वाशिम हे जिल्ह्याचे ठिकाण म्हणून परिचित आहे. 1998 साली अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. परंतु सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हेच नगर वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक होय. या घराण्याची वंशावळ विद्वानांनी मोठ्या परिश्रमाने सिद्ध केली आहे. तथापि नगरातील सामान्य माणूस कसा जगत होता, या प्रश्नाचे उत्तर वंशावळीत सापडत नाही. त्यासाठी त्याच साधनांकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

पहिली साक्ष भाषेची. द्वितीय विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या 37व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट वाशिम येथे मिळाला आहे. त्यातील वंशवर्णन संस्कृतात असून दानाचा व्यावहारिक मजकूर प्राकृतात आहे. राजाची प्रतिष्ठा एका भाषेत आणि जमिनीचा व्यवहार दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी होती. प्राकृत ही केवळ अशिक्षितांची बोली होती असेही नव्हे. खुद्द सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतातच रचले.

दुसरी साक्ष पाण्याची. वाशिमजवळील हिस्से-बोराळा येथील शिलालेख शके 380, म्हणजे इ.स. 458 मधील असून तो देवसेन राजाच्या कारकिर्दीतील आहे. स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नामक तलाव बांधल्याची नोंद त्यात आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात माणसांना, गुरांना व शेतीला पाण्याचा साठा किती मोलाचा असतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. लेखात बांधविणाऱ्याचे नाव आहे. माती उपसणाऱ्या हातांचे नाही.

तिसरी साक्ष अजिंठ्याची. हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने तेथील 16 क्रमांकाचा विहार भिक्षुसंघास अर्पण केला. याच घराण्याने ब्राह्मणांस ग्रामदान दिले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याच काळातील 17 क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाच्या चित्रणात बाजाराचे दृश्य आहे. अन्यत्र परदेशी वेषातील माणसेही दिसतात. ही चित्रे वत्सगुल्माची प्रतिकृती आहेत असे मानणे धाडसाचे ठरेल, कारण त्यांचा विषय जातककथा आहे. परंतु कथेतील नगर रंगविताना चित्रकाराने आपल्या काळातील घरे, वस्त्रे, अलंकार आणि दुकाने यांचाच आधार घेतला असणार, हे अनुमान युक्त होय.

या तिन्ही साक्षी एकत्र ठेवल्या असता दोन भाषांच्या व अनेक श्रद्धांच्या माणसांनी गजबजलेल्या नगराची रूपरेषा दिसू लागते. राजधानी गेली, राजवंश लोपला; उरले ते दान, तलाव आणि भिंतीवरील रंग. या तिन्हींमागे श्रम करणारा वर्ग मात्र निनावी राहिला. आपल्या परिसरातील जुनी तळी, बारवा व कोरीव शिळा यांची गावोगाव नोंद झाली, तरच या निनावी लोकांचा इतिहास पुढे लिहिता येईल. हे काम पुरातत्त्वज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. शेतात निघालेला कोरीव दगड प्रथम शेतकऱ्याच्याच दृष्टीस पडतो.