परदेशातून रेकॉर्डिंगचं सामान मागवताय? आधी घरपोच किंमत काढा

तालुक्याच्या गावात आता एका खोलीत, भिंतींना फोम लावून स्टुडिओ उभे राहतात. भजनी मंडळाचे अभंग, हळदीची गाणी, यूट्यूबवरची लोकगीतं तिथेच रेकॉर्ड होतात. त्यासाठी लागणारा कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड, मॉनिटर स्पीकर हा बहुतेक माल बाहेरच्या कंपन्यांचा. इथल्या दुकानात तो महाग दिसतो, परदेशी वेबसाइटवर स्वस्त. मग थेट तिकडूनच मागवायचा विचार होतो. पण वेबसाइटवर दिसणारी किंमत आणि सामान दारात येईपर्यंत खिशातून जाणारी रक्कम यात बराच फरक पडतो.

कर कशावर लागतो?

सीमाशुल्क म्हणजे कस्टम ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, भाडं आणि विमा या तिन्हींची बेरीज धरली जाते. भाड्याचा आकडा कळत नसेल तर किमतीच्या २० टक्के आणि विम्याचा कळत नसेल तर १.१२५ टक्के धरायचे, असं २००७ च्या मूल्यांकन नियमांत आहे. म्हणजे विमा काढलाच नसला तरी तो हिशेबात येतो. या बेरजेवर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि शेवटी या सगळ्यावर मिळून आयजीएसटी. करावर कर चढतो तो असा.

उदाहरणासाठी मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. माइक ४०,००० रुपयांचा, भाडं ५,०००, विमा ४५०. बेरीज ४५,४५०. त्यावर शुल्क ४,५४५, अधिभार सुमारे ४५५. झाले ५०,४५०. यावर १८ टक्के म्हणजे ९,०८१. एकूण कर १४ हजारांच्या वर. चाळीस हजारांवर सरळ २८ टक्के लावून ११,२०० काढणाऱ्याचा अंदाज इथेच जवळपास तीन हजारांनी चुकतो. बँकेने कार्डावर परकीय चलनाचं शुल्क लावलं आणि कुरिअर कंपनीने कर आधी भरल्याबद्दल आपली फी घेतली, की चाळीस हजारांचा माइक ६० हजारांच्या पुढे गेलाच म्हणून समजा. इथल्या डीलरकडे तोच ५८ हजारांत वॉरंटीसह मिळत असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी?

दर मात्र वस्तूच्या वर्गाप्रमाणे बदलतात. माइक, स्पीकर, हेडफोन, अॅम्प्लिफायर ८५१८ या शीर्षकात येतात, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड ९२०७ मध्ये. स्वतःच्या वापरासाठी पोस्टाने वा विमानाने आलेल्या मालासाठी ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे. अर्थसंकल्पात हे दर हलतात, म्हणून ऑर्डर टाकण्याच्या आठवड्यात चालू दर पाहावा. काही परदेशी दुकानं ऑर्डरच्या वेळीच भारतातला कर घेतात. तसं असेल तर बिलावर ते स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर दारात पुन्हा मागणी होते.

युरोपातून मागवताना एक फायदा असतो. जर्मनीतल्या किमतीत १९ टक्के व्हॅट धरलेला असतो आणि माल युरोपीय संघाबाहेर पाठवताना तो वजा होतो. पत्ता भारताचा टाकल्यावर किंमत उतरते का, एवढं बघायचं.

‘गिफ्ट लिहा’ म्हणणाऱ्यांपासून सावध

पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलं की कर लागत नाही, हा जुना समज अजून चालतो. पोस्ट-कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. त्यातून राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. किंमत कमी दाखवणं तर आणखी अंगाशी येतं. कस्टम्सचे अधिकारी तीच वस्तू इंटरनेटवर पाहू शकतात. माल जप्त होऊ शकतो, दंड वेगळा.

पुतण्या अमेरिकेहून येताना बॅगेत घेऊन येईल, हा मार्ग कायदेशीर आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत परतणाऱ्या भारतीयाला साधारणपणे ५०,००० रुपयांपर्यंतचा माल करमुक्त होता. ही मर्यादाही बदलते, म्हणून निघण्याआधी चालू आकडा पाहावा. दोघांच्या सवलती जोडून एक महागडी वस्तू आणता येत नाही. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर रेड चॅनेलला जाऊन सांगावं आणि बिल जवळ ठेवावं. जर्मनीत नोकरी करणाऱ्या नातेवाइकाला तिथला व्हॅट परत मिळत नाही. तो मिळतो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला.

काय अडकतं?

वायरलेस माइक. कीर्तनकारांपासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळ्यांना तो हवा असतो आणि नेमका तोच अडकतो. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या उपकरणाच्या आयातीला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. परदेशी माइकची फ्रिक्वेन्सी इथे दुसऱ्याच सेवेला दिलेली असू शकते. तो इथेच अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावा. २०० वॉट आणि त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिक सिस्टिम आणि २००० वॉट व त्यावरचे अॅम्प्लिफायर बीआयएस नोंदणीच्या यादीत आहेत. सेकंडहँड मालावर विदेश व्यापार धोरणाचे वेगळे निर्बंध आहेत. जुना सिंथ स्वस्तात मिळाला म्हणून घाई नको.

व्यवसायासाठी मागवत असाल तर आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओने बिल ऑफ एन्ट्रीवर आपला जीएसटी क्रमांक टाकून घ्यावा. भरलेला आयजीएसटी नियमांनुसार क्रेडिटमध्ये मिळू शकतो. हा क्रमांक टाकायचा राहिला तर वर काढलेले नऊ हजार अडकून पडतात.

फोनवरचा ‘कस्टम अधिकारी’

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. पार्सलची वाट पाहणाऱ्याला फोन येतो, ‘तुमचा माल मुंबईला अडकलाय, एवढे पैसे टाका.’ वाट पाहणारा माणूस पटकन विश्वास ठेवतो. कस्टम्स कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. विभागाच्या अधिकृत पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या वेबसाइटवर तपासता येतो. पोस्टाने आलेल्या पार्सलचा कर घेताना पोस्ट खातं पावती देतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. कुरिअरला केवायसी लागते, पण कागदपत्रं कंपनीच्या स्वतःच्या लिंकवरच द्यावीत. पार्सलवरचं नाव आधारप्रमाणेच असावं, आणि पत्त्यात वाडी-वस्तीसोबत चालू मोबाइल नंबर हवा. अनेक कुरिअर कंपन्या गावापर्यंत येत नाहीत, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचा पत्ता बरा.

वीज आणि दुरुस्ती

आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ आणि जपानमध्ये १०० व्होल्ट. अॅडॉप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर पिन बदलली की काम होतं. नुसतं ‘१००’ किंवा ‘१२०’ असेल आणि सरळ बोर्डात लावलं, तर मशीन पहिल्याच दिवशी जळतं. अशा वेळी पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याचा खर्च हिशेबात धरावा. गावच्या लाइनला व्होल्टेज वरखाली होतं, अर्थिंग बऱ्याचदा नसतं. रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते तेव्हा माइकला दोष देण्याआधी अर्थिंग बघावं.

बाहेरून घेतलेल्या वस्तूची वॉरंटी बऱ्याच कंपन्या भारतात मानत नाहीत. दुरुस्तीसाठी परत पाठवायची वेळ आली, तर जाताना निर्यातीचा कागद करून घ्यावा आणि मशीनचा सीरियल नंबर त्यावर लिहावा. परत येताना २०१७ च्या अधिसूचनेनुसार कर फक्त दुरुस्तीचा खर्च, भाडं आणि विमा यांवर लागतो. कागद नसेल तर तीच वस्तू नवी आयात म्हणून धरली जाऊ शकते.