दाब आणि अस्थैर्य : मानेच्या पहिल्या सांध्याविषयी मुंबईत झालेल्या संशोधनाचा इतिहास

१

रोगाला दिलेले नाव हे केवळ ओळखचिन्ह नसते. त्या नावात रोगाच्या कारणाविषयी एक मत गृहीत धरलेले असते आणि वैद्याचा हात पुष्कळदा त्या मताच्या दिशेनेच चालतो. मुंबईच्या दोन सार्वजनिक रुग्णालयांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मज्जासंस्थेच्या एका विकारावर जे संशोधन झाले, त्याच्या इतिहासात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते. हा विकार म्हणजे मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा आपल्या जागेवरून सरकणे.

प्रौढ मनुष्याच्या मस्तकाचा भार साडेचार ते पाच किलोग्रॅम असतो. तो ज्या मणक्यावर टेकलेला असतो त्यास पाश्चात्त्य शारीरशास्त्रज्ञांनी ‘अ‍ॅटलस’ हे नाव दिले. ग्रीक पुराणकथेत आकाश पेलून धरण्याची शिक्षा भोगणारा हा देव होय. मराठीत या मणक्यास शिरोधर म्हणणे सोयीचे होईल. त्याखालचा दुसरा मणका म्हणजे अक्ष. शिरोधर हा कड्यासारखा असून इतर मणक्यांना असते तसे घन शरीर त्यास नसते. गर्भावस्थेत त्याच्या शरीराचा जो अंश तयार होतो तो अक्षास जाऊन मिळतो आणि दातासारखा वर उभा राहतो. या दंताभोवती शिरोधराचे कडे फिरते. मान डावीउजवीकडे वळविण्याच्या एकंदर हालचालीपैकी सुमारे निम्मी हालचाल याच एका सांध्यात होते. दंताच्या मागून एक आडवा बंध गेलेला असतो. तो दंताला कड्याच्या पुढच्या कमानीशी जखडून ठेवतो. बंधाच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो.

निरोगी प्रौढात कमान आणि दंत यांतील अंतर तीन मिलिमीटरांहून अधिक नसते, लहान मुलांत ते पाचपर्यंत असू शकते. बंध दुबळा असला, दंत जन्मतः अपुरा वा सुटा राहिला, किंवा शिरोधर कवटीला जुळून गेलेला असला, तर हे अंतर वाढते. मान पुढे वाकविताच कडे पुढे सरकते आणि दंत व कड्याची मागील कमान यांच्या कात्रीत मज्जारज्जू सापडतो. क्षयरोग आणि संधिवात यांमुळेही हा सांधा असाच ढिला होऊ शकतो. रुग्णाच्या हातापायांत मुंग्या येतात, चाल ताठर होते, बोटांना बारीक काम जमेनासे होते. क्वचित एखाद्या किरकोळ पडण्याने श्वास बंद पडून मृत्यू येतो. ‘मान टाकणे’ या मराठी वाक्प्रचारात मृत्यूचा जो अर्थ आहे, तो येथे शब्दशः खरा ठरतो.

या जागेचे महत्त्व प्राचीनांच्या ध्यानात आलेले होते. सुश्रुतसंहितेत मर्मांची गणना करताना डोके व मान यांच्या संधीवर कृकाटिका नावाची दोन मर्मे सांगितली असून त्यांस इजा झाल्यास चलमूर्धता येते, म्हणजे मस्तक स्थिर राहत नाही, असे म्हटले आहे. यावरून प्रस्तुत विकार सुश्रुतास ठाऊक होता असे अनुमान काढणे अशास्त्रीय होईल. तथापि या संधीच्या विकृतीचे वर्णन ‘चल’ या शब्दाने केले गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आधुनिक वैद्यकास त्या कल्पनेपर्यंत पोहोचण्यास बराच वळसा घ्यावा लागला.

२

स्वतंत्र भारतात मेंदू व मज्जारज्जू यांच्या शस्त्रक्रियेचा पाया १९४९ साली वेल्लोर येथे जेकब चँडी यांनी आणि १९५० साली मद्रास येथे बी. राममूर्ती यांनी घातला. १९५१ साली भारतीय मज्जाविज्ञान संघटना स्थापन झाली. मुंबईत राम गिंडे, होमी दस्तूर आणि गजेंद्र सिंह यांच्या पिढीने हे कार्य सुरू केले. १९५७ साली लंडनमधील शिक्षण पुरे करून परतलेले नोशिर वाडिया (१९२५–२०१६) यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय येथे मज्जाविकारांचा विभाग उभारला.

जे. जे. रुग्णालयात येणारा रुग्ण केवळ मुंबईचा नव्हता. मज्जाविकारांचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नसल्यामुळे कोकण व घाट या दोन्ही बाजूंचे रुग्ण मुंबईकडेच पाठविले जात. पनवेलचे उदाहरण घेतल्यास अंतराचा अर्थ कळतो. पनवेल मुंबईच्या इतके निकट, परंतु वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली खुला होईपर्यंत तेथून मोटारीने निघालेल्यास ठाण्याचा वळसा घालूनच मुंबई गाठावी लागे. ज्याची मान आतून सुटलेली आहे अशा रुग्णाला रस्त्यावरील प्रत्येक धक्का घातक ठरण्याचा संभव असतो, आणि तसे असल्याचे त्याला वा त्याच्या नातलगांना ठाऊक नसते. मज्जारज्जूच्या एखाद्या असाध्य क्षीणतेचा विकार समजून अशा रुग्णास घरी परत पाठविले जाण्याचा धोकाही मोठा होता, कारण दोहोंची बाह्य लक्षणे पुष्कळ अंशी सारखीच असतात. एका निदानानंतर काही करण्यासारखे उरत नाही, दुसऱ्यानंतर उरते. म्हणून या दोहोंतील भेद रुग्णाच्या दृष्टीने आयुष्याचा प्रश्न होता.

त्या काळी संगणकीय क्ष-किरण तपासणी नव्हती. ती रुग्णावर प्रथम १९७१ साली इंग्लंडात वापरली गेली. चुंबकीय प्रतिमा त्याहून नंतरच्या. मज्जारज्जू प्रत्यक्ष दिसण्याची सोय नव्हती. साध्या क्ष-किरण छायाचित्रावर, फार तर मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत हवा वा अपारदर्शक द्रव्य सोडून घेतलेल्या छायाचित्रावर, भिस्त ठेवावी लागे. यातही एक साधी युक्ती निर्णायक होती. मान वाकवून एक व मान मागे नेऊन एक, अशी दोन छायाचित्रे घेतली म्हणजे स्थिर चित्रात लपलेले सरकणे उघड होई.

३

१९६५ साली लंडनच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकात दाराब दस्तूर, नोशिर वाडिया, ए. डी. देसाई आणि गजेंद्र सिंह यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हे नियतकालिक १८७८ पासून निघत असून मज्जाविज्ञानात त्याचा अधिकार मोठा आहे. निबंधाचा विषय दुहेरी होता : या सांध्याच्या सरकण्याने मज्जारज्जूवर येणारा दाब, आणि तो दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूच्या आत अकस्मात होणारा रक्तस्राव. विकृतिशास्त्रज्ञ, मज्जाविकारतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकत्र येऊन, उपचारच ज्या प्रसंगी अपायास निमित्त झाला त्या प्रसंगाची सूक्ष्म छाननी केली आणि ती जगासमोर मांडली. यशस्वी शस्त्रक्रियांच्या याद्या पुष्कळ प्रसिद्ध होतात. अपयशाची अशी चिकित्सा विरळा. या संशोधनपरंपरेचा आरंभबिंदू हाच निबंध मानणे योग्य होईल.

दोन वर्षांनी, १९६७ साली, त्याच नियतकालिकात वाडिया यांनी जन्मजात स्वरूपाच्या सरकण्याने मज्जारज्जू बिघडलेल्या २८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका रुग्णाचे वृत्त कुतूहल निर्माण करते, अठ्ठावीस रुग्णांच्या वृत्तावरून रोगाचे रूप ठरते. त्यानंतर भारतातील इतर रुग्णालयांतूनही या विकाराची वृत्ते वारंवार प्रसिद्ध होऊ लागली आणि पाश्चात्त्य ग्रंथांत विरळ समजला जाणारा हा विकार येथील वैद्यकास परिचयाचा झाला.

या काळातील परिभाषेकडे पाहिले असता ‘दाब’ हा शब्द मध्यवर्ती असल्याचे दिसते. मज्जारज्जू दाबला गेला आहे. म्हणून जागा करून द्यावयाची. शिरोधराची मागील कमान काढणे, कवटीच्या तळाचे छिद्र रुंद करणे, पुढे तोंडावाटे जाऊन दंतच कापून काढणे, हे सारे उपाय या एका शब्दातून निघालेले आहेत. ते तर्काला धरून होते व कित्येकांना त्यांनी गुणही आला. परंतु हाड काढल्याने सैल सांधा घट्ट होत नाही. उलट पुढे बांधण्यासाठी जी कमान उपयोगी पडली असती तीच नाहीशी होते.

४

सांधा बांधण्याची कल्पनाही नवी नव्हती. १९१० साली अमेरिकेत मिक्स्टर व ऑसगुड यांनी रेशमाच्या दोऱ्याने या दोन मणक्यांना एकत्र बांधले होते. १९३९ साली कॅनडातील गॅली यांनी तारेचा वेढा व हाडाचा तुकडा यांची पद्धत मांडली. तारेच्या पद्धतीत अडचणी अनेक होत्या. कमानीखालून तार ओवताना ती मज्जारज्जूला अगदी चिकटून जाते. जन्मजात विकृतीत कमान पुष्कळदा पातळ, अपुरी वा कवटीला जुळलेली असते. शिवाय हाड जुळेपर्यंत रुग्णास कित्येक आठवडे मान जखडून ठेवावी लागते. पुढे स्वित्झर्लंडमधील मागेर्ल यांनी दोन्ही मणक्यांतून आरपार जाणारा स्क्रू वापरला. तो भक्कम असला तरी मणके आधी जागेवर यावे लागतात आणि शेजारून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचा मार्ग अनुकूल असावा लागतो.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अतुल गोयल यांनी १९८८ पासून वेगळी वाट धरली. हे रुग्णालय व सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले असून ते महानगरपालिकेचे आहे. गोयल यांच्या पद्धतीत मागील पातळ कमानींवर विसंबून न राहता सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड हाडात, शिरोधरात एक व अक्षात एक, असे स्वतंत्र स्क्रू बसवून ते पट्टीने जोडले जातात. स्क्रू स्वतंत्र असल्यामुळे सरकलेले मणके शस्त्रक्रियेतच हाताळून जागेवर आणता येतात. सांधा उघडून त्यातील कूर्चा खरवडता येते व तेथे हाड भरता येते. याची किंमतही असते. या भागात शिरांचे जाळे दाट असून रक्तस्राव पुष्कळ होतो. सांधा नीट दिसावा म्हणून मानेच्या दुसऱ्या मज्जातंतूची गाठ कापल्यास डोक्याच्या मागच्या भागाची संवेदना जाते. गोयल व लाहेरी यांनी १९९४ साली हे तंत्र प्रसिद्ध केले. २००२ साली १६० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. दरम्यान २००१ साली जर्मनीतील हार्म्स व मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडा व फिरत्या माथ्याचे स्क्रू वापरून ३७ रुग्णांचे वृत्त दिले. आज जगभर हे तंत्र पुष्कळदा दोघांच्या जोडनावाने ओळखले जाते.

हा बदल केवळ हत्यारांचा नव्हता. ‘सांधा सरकलेला आहे’ हे विधान स्थिती सांगते. ‘सांधा अस्थिर आहे’ हे विधान प्रवृत्ती सांगते. नाम हे सत्त्वप्रधान आणि आख्यात हे भावप्रधान, हा जो भेद यास्काने केला आहे, त्याची येथे आठवण होते. दाब ही वस्तू असल्याप्रमाणे काढून टाकता येते. अस्थैर्य ही क्रिया आहे, ती थांबवावी लागते. शल्यविशारदाच्या दृष्टीपुढील प्रश्नच बदलला. ‘काय काढावे?’ याच्या जागी ‘काय थांबवावे?’ हा प्रश्न आला. २००४ साली गोयल यांनी, कवटीच्या तळात दंत वर घुसलेल्या रुग्णांतही सांधा ताणून व जखडून सुधारणा घडविता येते, असे प्रतिपादन केले. पूर्वी या रुग्णांत दंत कापणे हाच प्रमुख उपाय समजला जाई.

५

तथापि नव्या शब्दासही मर्यादा असतात. २०१४ साली गोयल यांनी या सांध्याच्या अस्थैर्याचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात शिरोधराचा सांध्याचा पृष्ठभाग अक्षाच्या पुढे गेलेला असतो. दुसऱ्यात तो मागे गेलेला असतो. तिसऱ्यात दोन्ही पृष्ठभाग सरळ रेषेत दिसतात, परंतु शस्त्रक्रियेत हाताळताना सांधा अस्थिर असल्याचे आढळते. २०१५ साली त्यांनी, लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या छिद्रातून खाली उतरण्याच्या विकाराचे मूळही या अस्थैर्यात असावे काय, असा प्रश्न ६५ रुग्णांच्या आधारे उपस्थित केला.

हे मत सर्वमान्य झालेले नाही आणि त्यावरील आक्षेप गंभीर आहे. मान वाकवून घेतलेल्या छायाचित्रात जे अस्थैर्य दिसते त्याची शहानिशा कोणीही करू शकतो. जे केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताला जाणवते त्याचे प्रमाण काय? शिवाय सांधा जखडल्याने मान वळविण्याची निम्मी शक्ती कायमची जाते. ज्यास तसे करण्याची गरज नव्हती त्याचे हे नुकसान भरून येण्यासारखे नाही. उलट पक्षी, गरज असूनही तसे केले नाही तर रुग्ण हळूहळू पंगू होतो. ‘दाब’ या शब्दाने एका पिढीला हाडे काढावयास लावली. ‘अस्थैर्य’ या शब्दाने दुसरीला नको तेथे सांधे जखडावयास लावू नये, याची खबरदारी पुराव्यानेच घेता येईल.

या दृष्टीने १९६५ चा निबंध आजही उपयोगाचा आहे. त्यात कोणत्याही तंत्राचा पुरस्कार नव्हता. रुग्णशय्येवर काय दिसले, शस्त्रक्रियेत काय घडले आणि मज्जारज्जूच्या छेदांत काय आढळले, या तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहण्याची शिस्त त्यात होती. अस्थैर्याच्या तिसऱ्या प्रकाराविषयीचा वाद मिटावयाचा असेल, तर ज्यांचे सांधे जखडले आणि ज्यांचे जखडले नाहीत अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांची वृत्ते, त्यांतील अपयशांसह, तितक्याच निःसंकोचपणे एकत्र ठेवावी लागतील.