दोनचा ६७ वा घात उणे एक : एका संख्येच्या वर्गीकरणाचा इतिहास

दोनच्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यास १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. ती मूळ की संयुक्त, या प्रश्नाचा निकाल दोन टप्प्यांत लागला. त्या दोन टप्प्यांमधील अंतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांसाठी अशी संख्या मूळ ठरते त्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत ६७ होता, सिद्धता नव्हती. ६१ च्या जागी चुकून ६७ छापला गेला असावा, असा बचाव पुढे करण्यात आला. परंतु यादीतून ८९ व १०७ हेही सुटले आहेत आणि २५७ चुकीने आला आहे. त्यामुळे हा बचाव फारसा टिकत नाही.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ही संख्या संयुक्त असल्याचे दाखविले. त्यांच्या कसोटीचे डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये सुलभ केलेले रूप असे : ४ पासून आरंभ करावा, वर्ग करून २ वजा करावेत व दिलेल्या संख्येने भागून बाकी घ्यावी. ही कृती ६५ वेळा केल्यावर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. येथे ती शून्य येत नाही. म्हणजे अवयव आहेत हे निश्चित झाले, पण ते कोणते हे त्या बाकीवरून कळत नाही. ‘अवयव पडतात म्हणून संयुक्त’ असे शाळेपासून शिकलेल्या मनाला हे काहीसे चमत्कारिक वाटते.

अवयव मिळाले ते १९०३ मध्ये. फ्रँक नेल्सन कोल यांनी ३१ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार करून दाखविला आणि या शोधात तीन वर्षांचे रविवार खर्ची पडल्याचे पुढे सांगितले, असे ई. टी. बेल लिहितात. बेल यांना कथा रंगविण्याची हौस होती, हे अभ्यासक जाणतातच. श्रमाचा अंदाज मात्र कथेवाचूनही येतो. या संख्येच्या कोणत्याही अवयवाला १३४ ने भागल्यास बाकी १ राहते; लहान अवयव म्हणजे १३४ × १४,४५,५८० + १. ओळीने तपासत जाणाऱ्यास चौदा लाखांहून अधिक पर्याय पाहावे लागले असते. कोल यांनी वर्ग-अवशेषांच्या साहाय्याने ते पुष्कळ कमी केले.

संगणक आज हे अवयव क्षणार्धात काढतो. परंतु शेकडो अंकी संख्यांबाबत ल्युका आणि कोल यांच्यामधील ते अंतर कायम आहे : संख्या संयुक्त आहे हे लवकर ठरते, अवयव मात्र हाती लागत नाहीत. रिव्हेस्ट, शामिर व एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली गुप्तलेखन पद्धती याच अंतरावर उभी आहे.