न्यायसहायक चिकित्सा मानसशास्त्र

न्यायसहायक चिकित्सा मानसशास्त्र ही चिकित्सा मानसशास्त्राचा न्यायप्रक्रियेत उपयोग करणारी ज्ञानशाखा होय. आरोपीची मनोवस्था, बंदिवानांचे मानसिक आरोग्य आणि अत्याचारग्रस्तांना झालेला आघात हे तिचे मुख्य विषय आहेत. चित्रपटांत दिसणारा गुन्हेगाराच्या मनाचा शोध हा या कामाचा अगदी लहान भाग असून बराचसा वेळ मुलाखती, चाचण्या, जुने वैद्यकीय कागद आणि अहवाललेखन यांत जातो.

कायद्यातील स्थान

भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार (पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ८४) मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, अथवा ते गैर किंवा बेकायदा असल्याचे ज्याला कळत नाही, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. केवळ आजाराचे निदान येथे पुरत नाही; कृत्याच्या वेळची समज पाहिली जाते. मुंबईत १९६८ मध्ये पकडलेल्या रामन राघव याच्या खटल्यात तज्ज्ञांचीच मते परस्परविरोधी होती. त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासले व शिक्षा जन्मठेपेवर आली. तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते.

आरोपी मनोविकल आढळल्यास जिल्हा शल्यचिकित्सकाने त्याला शासकीय रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे अथवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६७ सांगते. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र पुण्यात येरवड्याला आहे.

नार्को चाचणी, पॉलिग्राफ व ब्रेन मॅपिंग संमतीविना करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ५ मे २०१० रोजी दिला.

शिक्षण

मानसशास्त्रातील पदवीनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. करावे लागते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात न्यायसहायक मानसशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तथापि अशा पदवीने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून निदान व उपचार करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला व्यावसायिक अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. अनेक विद्यार्थ्यांना हा भेद प्रवेश घेतल्यानंतर कळतो. दोन वर्षांचा एम.फिल. हा आजवरचा रूढ मार्ग. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली. म्हणून नव्या अभ्यासक्रमाची परिषदेकडील मान्यता शुल्क भरण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

व्यवसाय

मनोरुग्णालये, कारागृहे, स्वयंसेवी संस्था आणि कलिना (मुंबई) येथे मुख्यालय असलेल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा ही कामाची प्रमुख क्षेत्रे होत. बाल न्यायाच्या क्षेत्रात ही गरज विशेष आहे. घृणास्पद अपराधाचा आरोप असलेल्या १६ ते १८ वयाच्या मुलाचे प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळ करते आणि त्यावरून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा का, हे ठरते. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्र शिकलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाचे साहाय्य घेणे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अनिवार्य ठरवले.