मिरीचा वास आणि मोहाचं फूल

आधी खुलासा. मी गोरेगावचा, पण मुंबईच्या लोकलमधलं गोरेगाव नव्हे. हे गोंदिया जिल्ह्यातलं. धानाचा तालुका. द्राक्षं आमच्याकडे हातगाडीवर येतात. त्यामुळे शिराझ मी पहिल्यांदा प्यायलो ती पुण्यात, मित्राच्या खोलीवर, स्टीलच्या पेल्यातून. बाटली नाशिकची. फळाच्या वासामागून काळ्या मिरीचा वास आला. कुणी मिरपूड टाकलीय की काय?

टाकली नव्हती. मिरीत असतं तेच रोटनडोन नावाचं द्रव्य शिराझच्या सालीतही असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. हवा थंड असली की मिरी चढते, कडक उन्हात जॅमसारखा गोडवा. फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याची उत्तर बाजू त्या मिरीसाठीच ओळखली जाते. (इराणच्या शिराझ शहराची कहाणी छान आहे, पण डीएनए तपासणीत या द्राक्षाचे आईबाप दोन्ही फ्रेंच निघाले.) नाशिकला तशी थंडी कुठली? तिथे शेतकऱ्यांनी कॅलेंडरच सरकवलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी, मग घड हिवाळ्याच्या गार रात्रींत पिकतात आणि तोडणी जानेवारी ते मार्च.

मुलखावरून वाइन ओळखणं हे फ्रेंचांचं खूळ वाटतं ना? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर अख्खा अध्याय आहे. त्यात द्राक्षाच्या दारूला ‘मधु’ म्हटलंय, आणि ती जिथली, तिथलं तिला नाव: कापिशायन, हारहूरक. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा, हिंदुकुशाजवळचा मुलूख. म्हणजे थंड हवेचीच वाइन! ‘कापिशायन’ हा शब्द कसा बनतो त्याचं सूत्र पाणिनीनं देऊन ठेवलंय.

आता आमचा मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, बाया टोपल्या घेऊन वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेलं फूल चघळून बघा, मनुकेसारखं लागतं, पण मागून एक उग्र, रानटी वास येतो. ते भिजवून, आंबवून गाळलं की तोच वास धुरासकट पेल्यात उतरतो. मोहफुलांच्या आसवाची नोंद चरकसंहितेत आहे. पण त्याची चव सांगायला आपल्याकडे शब्द एकच: हातभट्टी. तोही चवीचा नाही, पोलिसांच्या पंचनाम्यातला.

हे आपोआप झालेलं नाही. मुंबई इलाख्याच्या सरकारनं १८९२ मध्ये खास कायदा करून ठाणे-कुलाब्यात मोहफुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावर बंधनं घातली. दारूवरचा महसूल बुडू नये म्हणून फूलच संशयित! आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, तो कायदा आमच्यापर्यंत आला नाही. पण आज १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरी दारू गाळणं आमच्याकडेही गुन्हाच आहे. द्राक्षाला मात्र राज्यानं २००१ मध्ये वाइनधोरण दिलं, करसवलती दिल्या. २०२२ च्या जानेवारीत तर मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायलाही मंजुरी दिली, शेतकऱ्याचं भलं म्हणून. फुलं वेचणारी बाई शेतकऱ्यात मोजली जात नसावी.

दारूनं मोडलेली घरं मी गावात पाहिलीत, तेव्हा मोहाचे गोडवे गाण्याची हौस मला नाही. पण गोंदियाच्या पुढे बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो, आणि तिथे आदिवासी बचतगटांना मोहाची दारू गाळून ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत भरून विकायला सरकारनंच नियम केलेत. त्या बाटलीवर मुलखाचं नाव असतं का, ते मला एकदा नदीपलीकडे जाऊन बघायचंय.